मृणालिनीचं मालागा

मृणालिनी टिपणीस माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते, शारजात, अल नहदाला. बिल्डिंगमधल्या कुठल्याही बाईला विचारा, "फार गुणाची आहे हो," असंच सांगेल. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. गुणाची म्हणजे काय, तर कुणी काही मागितलं की नाही म्हणत नाही. गणपतीत मंडळाचे मोदक वळायला कोण, मृणालिनी. कुणाची सासू इंडियातून आली, तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला कोण, मृणालिनी. मी विद्युल्लता, डबेवाली. जबल अलीच्या ऑफिसांमध्ये आमचे पोळी-भाजीचे डबे जातात, माझा नवरा वासुदेव व्हॅन चालवतो, आणि मी पोळ्या लाटता लाटता जगाशी भांडते. मला कुणी गुणाची म्हणत नाही आणि म्हणूही नये.

मृणालिनी मूळची सांगलीची. लहानपणी भाऊ घाटावरून कृष्णेत धडाधड उड्या मारायचे आणि ही पायरीवर बसून त्यांचे कपडे नि चपला राखायची. मुलींनी नदीत उतरायचं नाही, असं तिच्या वडिलांचं फर्मान होतं. मग लग्न झालं, जगन्नाथरावांबरोबर इकडे आली, ईश्वरी झाली, आणि पायरीवर बसायचं चालूच राहिलं. पुढे पायऱ्या तेवढ्या बदलल्या.

जगन्नाथराव जबल अलीत एका लॉजिस्टिक्स कंपनीत फायनान्स मॅनेजर आहेत. माणूस वाईट नाही, आणि माझी सगळी पंचाईत तिथेच होते. वाईट असता तर चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते. दारू नाही, आरडाओरडा नाही, बायकोचा वाढदिवस लक्षात ठेवतो. पहाटे ट्रॅफिक लागायच्या आत निघतो, संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये पिळून निघून घरी येतो. फक्त ऐकत नाही. बायको बोलत असते तेव्हा मान हलवतो, "हं, हं" म्हणतो, आणि त्यातला एक शब्द आत जात नाही. पुण्याहून मोठ्या भावाचा फोन आला की मात्र दोन्ही कान जागे होतात. हे राजाभाऊ, त्यांनी वडिलांच्या मागे धाकट्याला शिकवलं, आणि त्या उपकाराखाली जगन्नाथराव अजून वाकून चालतात.

समुद्रकाठच्या ममझर पार्कमध्ये सोमवारी बायकांचा दिवस असतो. पुरुषांना आत प्रवेश नाही. माझ्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चाला म्हणून सांगितलं, तेव्हा एकटी कुठे जाऊ म्हणून मी हिला ओढून नेलं. तिथे अन्वरी भेटली. हैदराबादची, शाळेत मुलांना पोहायला शिकवायची, आणि सोमवारी सुट्टी घेऊन स्वतः पोहायला यायची. माझ्याकडे एकदा बघून तिने आशा सोडली. मृणालिनीला मात्र म्हणाली, "दीदी, आप पानी से डरती नहीं. आप तो लोगों से डरती हो."

पन्नाशीला आलेली बाई, आणि काय शिकली म्हणून सांगू! आधी पाठीवर तरंगायला, मग श्वास, मग हात. मी कमरेएवढ्या पाण्यात म्हशीसारखी उभी, आणि ही माझ्यासमोरून जातेय, कोपर वर, तोंड बाजूला, श्वास, पुन्हा आत. कडेला लहान मुलांना घेऊन बसलेल्या बायका बघायच्या. एक अरबी म्हातारी तर दर सोमवारी टाळ्या वाजवायची. पाण्यातून बाहेर आली की मृणालिनी वेगळीच दिसायची. हळू बोलणारी बाई मोठ्याने हसायची. मग कपडे बदलून, केस पुसून, गाडीत बसलं की पुन्हा गुणाची.

घरी गेल्यावर ती नवऱ्याला सांगायची. माझ्यासमोर एकदा सांगितलं, म्हणून मला ठाऊक. "अहो, आज मी त्या लांबच्या दोरीपर्यंत पोहत गेले आणि परत आले, मध्ये न थांबता."

"वा वा," जगन्नाथराव फोनवरून मान न उचलता म्हणाले. "जपून हं. चहा टाकतेस?"

त्यांची कल्पना अशी की बायका तिथे पाण्यात उभ्या राहून गप्पा मारतात. आणि बघायला तर जाताच येत नव्हतं. मृणालिनीला तेच खटकायचं. तिने आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवत नाही, पण हे तिने मनात धरलं. मला म्हणायची, "विद्युत, यांनी एकदा मला पोहताना बघावं गं. बस. एकदा बघावं."

"मग जा की जुमेराच्या बीचवर! तिथे बायका-पुरुष सगळे असतात."

तिने तेही विचारून बघितलं होतं. जगन्नाथराव म्हणाले, "इथे नको. ऑफिसचे लोक भेटतात, मंडळाचं कुणी ना कुणी असतंच. तू ओल्या कपड्यांत, बरं नाही दिसत. कुठे बाहेर गेलो की बघू." दुसऱ्या कुणी हे ऐकून सोडून दिलं असतं. हिने ते वचन समजून जपून ठेवलं. बाहेर म्हणजे कुठे, याचा शोध सुरू झाला, आणि मोबाइलवर बघता बघता तिला स्पेनमधलं मालागा सापडलं. शहराला लागून समुद्र, वर टेकडीवर मुसलमानी राजांचा जुना किल्ला, खाली वाळूवर आख्खी कुटुंबं, आणि सत्तरीच्या आज्या आपल्या आरामात पोहतायत. "या आज्या बघ ना," ती मला दाखवायची. "कुणी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही."

जगन्नाथरावांनी हो म्हटलं. खरंच म्हटलं. दर सुट्टीला पुण्याला जाऊन लग्नं, बारशी आणि फ्लॅटची दुरुस्ती करायची, त्याऐवजी या वर्षी युरोप. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळवली. भाड्याचा फ्लॅट बघितला, त्याचे युरो आधी दिरहममध्ये केले, मग रुपयांमध्ये करून मोठ्याने सुस्कारा टाकला, आणि तरीही बुक केला. मृणालिनी महिनाभर हवेत होती. अन्वरीने तिला अंगभर असा निळा पोहण्याचा ड्रेस आणून दिला, मनगटापासून घोट्यापर्यंत. म्हणाली, यात तुमची सासूसुद्धा काही बोलणार नाही.

आणि मग जगन्नाथरावांनी पुण्याला फोन लावून सांगितलं, "दादा, आम्ही स्पेनला चाललोय, तुम्ही दोघंही चला ना!"

मला सांगा, हे आपल्याशिवाय जगात दुसरं कोण करतं? बायकोला घेऊन निघायचं, तर आधी थोरल्या भावाला विचारून मोकळं व्हायचं. मी मृणालिनीला म्हटलं, "तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलणार? त्यांनी विचारून टाकलं होतं." मग म्हणाली, "समुद्र मोठा असतो गं. सगळे मावतात."

राजाभाऊ आणि संपदावहिनी आले ते फोनवर युरोपातल्या पाकिटमारांचे व्हिडिओ बघूनच. राजाभाऊ रिटायर्ड बँकवाले, त्यांना जगात सगळीकडे चोर दिसतात. मालागाच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी ठरवलं की पासपोर्ट इथे ठेवायचे नाहीत, मालकाकडे दुसरी किल्ली असते. प्रत्येकाने खिशात ठेवायचे नाहीत, खिसे कापतात. मग त्यांनी नामी युक्ती काढली. एक कापडी पिशवी घेतली, तळाशी पाचही पासपोर्ट, पैसे आणि कार्डं, त्यावर चकलीचा डबा, त्यावर चिवडा, वर एक जुना पंचा. "चोराला वाटेल खाऊची पिशवी आहे," म्हणाले. आणि पिशवी मृणालिनीच्या खांद्याला अडकवली. "हिच्यासारखी जबाबदार दुसरी कोण आहे?"

पाच जणांची ओळख, पैसा, परतीचा रस्ता, सगळं एका पिशवीत, चिवड्याच्या खाली! शहाणपणाची कमाल आहे की नाही?

तर असं मृणालिनीने मालागा बघितलं. किल्ला चढली पिशवी घेऊन. राजाभाऊ प्रत्येक बुरुजाशी थांबून आपले किल्ले कसे याच्यापेक्षा अवघड, ते सांगत होते, आणि कारंज्याजवळच्या संत्र्यांच्या झाडाखाली बसून त्यांनी चकल्या मागितल्या. मग तिथलं ते मोठं चर्च, ज्याचा एकच मनोरा पुरा झाला आणि दुसरा अर्ध्यावर राहिला. ते तिला फार आवडलं. तिथे जरा वेळ बसावंसं वाटत होतं, पण वहिनींना बाथरूम हवं होतं. सकाळी फ्लॅटवर कुकर लावायचा, वरण-भात खाऊन निघायचं, कारण बाहेरचं काही वहिनींना चालत नाही. किनाऱ्यावर तिथली माणसं एका जुन्या होडीत निखारे पेटवून काठीला टोचलेले मासे भाजत होती. ती होडी हिने लांबून बघितली. वहिनींनी नाकाला पदर लावला होता.

आणि समुद्र! रोज दुपारी सगळे समुद्रावर जात होते. राजाभाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, वहिनी साडी वर खोचून, जगन्नाथराव बर्म्युडा घालून, घोट्याएवढ्या पाण्यात उभे. एकालाही पोहता येत नाही. लाट आली की ओरडत मागे पळायचे आणि फोटो काढायचे. आणि त्या सगळ्यांमध्ये जिला पोहता येत होतं, ती छत्रीखाली पिशवी मांडीत घेऊन बसलेली. "बसतेस ना गं जरा? तुझ्यावर पिशवी सोडली की काळजी नाही."

ईश्वरी तेवढी एकदा म्हणाली, "मॉम, गो. आय विल सिट." तर राजाभाऊ म्हणाले, "तू फोनमध्ये डोकं घालून बसशील. तुझी आईच बरी."

शेवटी परतायला दोन दिवस उरले, तेव्हा मृणालिनीने तोंड उघडलं. नवऱ्याला म्हणाली, "उद्या सकाळी मी पोहणार आहे. पिशवी तुम्ही धरायची आणि मला बघायचं." हे सांगताना माझ्यासमोरसुद्धा तिचा आवाज कापत होता, तिथे काय झालं असेल! जगन्नाथराव म्हणाले, "अगं हो हो, बसतो की मी. एवढं काय त्यात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निळा ड्रेस घालून बाहेर आली. संपदावहिनी म्हणाल्या, "अगंबाई, हे काय घातलंस?" मृणालिनीने पिशवी जगन्नाथरावांच्या मांडीत दिली, ईश्वरीला म्हणाली, "माझा व्हिडिओ काढ," आणि पाण्यात उतरली.

आपल्या इकडचं पाणी उन्हाळ्यात बादलीत काढून ठेवल्यासारखं कोमट असतं. तिथलं गार. ती सांगत होती, पहिल्यांदा छातीत धस्स झालं, मग अन्वरीने शिकवला होता तसा श्वास सोडला आणि हात टाकला. मग काही वाटलंच नाही. खाली स्वच्छ दिसत होतं, वाळूवरच्या उन्हाच्या रेघा हलत होत्या. शेजारून एक गोरी म्हातारी पोहत गेली, हिच्याकडे बघून हसली आणि काहीतरी बोलली. हिला ते कळलं नाही, पण ही हसली. किनाऱ्यापासून बऱ्याच आत हद्द दाखवायला पिवळे बोये, पाण्यावर तरंगणारे मोठे गोळे, बांधलेले असतात, त्यांच्या पलीकडे बोटी. ती त्या पिवळ्या बोयापर्यंत गेली. एकदाही न थांबता. बोयाला हात लावला. मग वळून किनाऱ्याकडे बघितलं.

छत्री दिसत होती. छत्रीखाली जगन्नाथराव दिसत होते. त्यांची मान खाली होती. राजाभाऊंसाठी संत्रं सोलत होते.

म्हणजे त्यांनी बघितलंच नव्हतं. काहीच नाही. मग तिने काय केलं, तर हात वर केला आणि जोरात हलवला, बघा ना, मी इथे आलेय!

नेमकी तेव्हा त्यांनी मान वर केली. लांब पाण्यात बायकोचं डोकं आणि वर केलेला हात. संत्रं फेकून ते किंचाळत सुटले, "बुडाली! अहो माझी बायको बुडाली!"

ईश्वरी म्हणाली म्हणे, "बाबा, नो! शी इज वेव्हिंग!" पण ऐकतो कोण? ते कपड्यांसकट पाण्यात घुसले. राजाभाऊ धावले, वहिनी धावल्या, फोन वाळूत टाकून ईश्वरीही बापामागे धावली. जीवरक्षकाने शिट्टी मारली. चार पावलं आत गेल्यावर जगन्नाथरावांच्या पायाखालची वाळू संपली आणि ते स्वतःच गटांगळ्या खायला लागले. मृणालिनीने ते बोयाजवळून बघितलं. ती सांगते, इतक्या जोरात ती जन्मात पोहली नसेल. जीवरक्षक आणि ती एकदमच त्यांच्यापाशी पोचले. त्याने एका बगलेत हात घातला, हिने दुसऱ्या. दोघांनी मिळून त्यांना वाळूवर आणलं. नवऱ्याला पाण्यातून हिने काढलं. हे नीट लक्षात ठेवा, कारण आता ते दुसऱ्या कुणाच्याही लक्षात नाही.

ते वाळूवर बसून खोकत होते, नाकातून पाणी येत होतं, आणि तिचा हात घट्ट धरून रडत होते. मोठ्याने. तिला वाटलं, आता हसतील, आता विचारतील, तू एवढी लांब कशी गेलीस गं?

तेवढ्यात संपदावहिनी ओरडल्या, "पिशवी कुठाय?"

पिशवी गेली. चिवड्यासकट गेली. छत्रीखाली नुसती संत्र्याची सालं.

राजाभाऊंचा चेहरा लालबुंद झाला. सगळ्या किनाऱ्यासमोर ते धाकट्या भावावर तुटून पडले. "पिशवी सोडून धावायला तू काय कुकुलं बाळ आहेस? कुणी सांगितलं होतं बोंबलायला? आयुष्यभर तुला सांभाळून घेतलं, एक पिशवी सांभाळता येत नाही तुला?" साठीला टेकलेला, ऑफिसमध्ये लोक ज्याला घाबरतात असा माणूस, ओल्या कपड्यांत वाळूवर बसून थरथरत होता. त्याने बायकोकडे बघितलं. मृणालिनी मला म्हणाली, "विद्युत, त्यांचं ते तोंड मला बघवेना."

आणि ती म्हणाली, "दादा, त्यांना बोलू नका. माझ्या पायात गोळा आला. मी बुडत होते."

झालं. गाडी हिच्यावर घसरली. या वयात कशाला हव्यात असल्या हौशी, म्हणून राजाभाऊ बोलले, वहिनी बोलल्या, पोलीस चौकीत बोलले, वकिलातीसाठी माद्रिदला जाताना आगगाडीत बोलले, नवे कागद होईपर्यंत तिथे रखडले तेव्हा उठता-बसता बोलले. ती ऐकून घेत होती. तिला वाटत होतं, निदान नवऱ्याला खरं ठाऊक आहे.

माद्रिदमध्ये एका बाकावर दोघंच बसले होते, तेव्हा तिने विचारलं, "अहो, त्याच्या आधी तुम्ही मला बघितलंत का? जाताना?"

"काय बघायचं होतं?"

"मला गोळा वगैरे आला नव्हता. दादा तुम्हाला बोलत होते, म्हणून मी तसं म्हटलं. मी तुम्हाला हात दाखवत होते. मी पोहत होते."

जगन्नाथराव तिच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "धक्का बसलाय तुला. मी डोळ्यांनी बघितलं ना, तू हात वर करून बुडत होतीस. आता त्याचा विचार करू नकोस."

परत आल्यावरच्या सोमवारी आम्ही ममझरला गेलो, तेव्हा तिने मला हे सगळं सांगितलं. पाण्यात उतरली नाही. झाडाखाली बसून बोलत राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "आत्ता घरी जाते आणि त्या माणसाला सांगते, तुला तुझ्या बायकोने पाण्यातून ओढून काढलंय!" तिने माझं मनगट धरलं. "नको गं. दादांना कळलं तर? पासपोर्ट यांच्या ओरडण्याने गेले असं होईल. ते दादांसमोर पुन्हा मान वर करणार नाहीत."

"नाहीतरी कुठे वर आहे ती मान?" मी म्हटलं.

मग गोष्ट गावभर झाली. जगन्नाथराव सांगायला लागले. आधी दबकत, मग रंगवून. ऑफिसमध्ये, मंडळात, लिफ्टमध्ये. दर वेळी मृणालिनी जरा जास्त लांब बुडायची आणि ते जरा जास्त आत शिरायचे. त्यातला जीवरक्षक हळूहळू नाहीसा झाला. ईश्वरी सप्टेंबरमध्ये शिकायला इंग्लंडला गेली, त्यामुळे "बाबा, नो" म्हणणारं कुणी उरलं नाही. लोक त्यांना भेटले की म्हणायचे, "जिगर लागते हो!" खोटं सांगायला बसलेला माणूस मी लगेच ओळखते. हे खोटं सांगत नव्हते. त्यांना ते तसंच झालं असं वाटत होतं. डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या.

जानेवारीत राजाभाऊ आणि वहिनी नव्या पासपोर्टांवर शारजाला आले. टिपणीसांनी रविवारी दुपारी जेवायला बोलावलं, मंडळातली आणखी दोन कुटुंबं होती. मी मसालेभात करून नेला. जेवणं निम्म्यावर आली आणि कुणीतरी म्हणालं, "जगन्नाथराव, मालागाचं सांगा ना." ते म्हणाले, "सांगतो कशाला, दाखवतोच. ईश्वरीने काढलेला आहे." आणि टीव्हीवर व्हिडिओ लावला.

मी तो पहिल्यांदाच बघत होते. निळं पाणी, ऊन, आणि त्यात ती. कोपर वर, तोंड बाजूला, श्वास, पुन्हा आत. एकसारखी, घाई नाही, काही नाही. ममझरला कमरेएवढ्या पाण्यातून मी हेच बघायची, पण इथे केवढा तरी समुद्र होता आणि ती त्यात सरळ चालली होती. बोयाला पोचली. हात वर केला. आणि मग कानठळ्या बसवणारा आवाज, "बुडाली! अहो माझी बायको बुडाली!" त्या आवाजात ईश्वरीचे शब्द बुडाले आणि चित्र वाळूत पडलं.

"बाप रे!" एक बाई म्हणाल्या. "किती तडफडतेय बिचारी!"

"बघा बघा, हात कसा वर केलाय," दुसरे म्हणाले. "देवच पावला."

मला राहवलं नाही. मी ताट खाली ठेवलं. "अहो, डोळे फुटलेत का सगळ्यांचे? ती पोहतेय! एवढी पोहत गेली ते दिसलं नाही? बुडणारं माणूस कधी असं शिस्तीत बुडतं?"

जगन्नाथराव हसून म्हणाले, "विद्युल्लताबाई, तुम्ही होतात का तिथे?"

"मी नव्हते. ही होती. हिला विचारा!"

मृणालिनी भाताचं पातेलं घेऊन उभी होती. राजाभाऊंचा घास हातातच राहिला. त्यांनी टीव्हीकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं. "म्हणजे?" ते सावकाश म्हणाले. "बुडत नव्हती? मग तू पिशवी सोडून बोंबलत कशासाठी धावलास रे, जगन्नाथ?"

जगन्नाथरावांचं हसू तोंडावरच थिजलं. ते टीव्हीवरच्या वाळूकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच, मी शपथेवर सांगते, पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत शंका आली. आता विचारतील, मला वाटलं. आता एकदाच तिच्याकडे वळून विचारतील.

"सांग ना गं, मृणालिनी," मी म्हटलं. "एकदा सांगून टाक."

सगळे तिच्याकडे बघत होते. ती नवऱ्याकडे बघत होती.

"बुडतच होते मी, दादा," ती म्हणाली. "पायात गोळा आला होता. हे होते म्हणून वाचले."

जगन्नाथरावांनी श्वास सोडला. राजाभाऊंनी घास तोंडात घातला. "तेच म्हणतो मी," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ती पिशवी चोरली होती. जगन्नाथराव तर आता ताठ बसले. "तिला शपथ घातलीय मी, दादा. ते ममझरचं सोमवारचं वगैरे सगळं खलास. पाण्यात पाऊल टाकायचं नाही. मला पुन्हा तो प्रसंग सोसायचा नाही."

"नशीबवान आहेस हो," संपदावहिनी मृणालिनीला म्हणाल्या. "बायकोसाठी कोण एवढं करतं आजकाल?"

"हो ना," मृणालिनी म्हणाली, आणि नवऱ्याला विचारलं, "भात वाढू थोडा?"